गेन्तेत्सू यांचे मरणोत्तर कार्य

कानाझावातल्या आमच्या महाविद्यालयात दर जानेवारीत विद्यार्थ्यांकडून एक फॉर्म भरून घेतात. त्यात सातवा प्रश्न असतो : पाठ्यपुस्तक उपयुक्त वाटले काय? मी लिहिलेल्या इतिहासाच्या पुस्तकाला अकरा वर्षं सलग शंभर टक्के होकार मिळाला आहे. त्याचं श्रेय माझ्या शैलीला देण्याचा मोह मी कधी आवरला नाही. खरं कारण नियमात आहे. परीक्षेला पाठ्यपुस्तक सोबत आणता येतं, दुसरं काहीही नाही. मुलं ते वर्षभर नव्या नवरीसारखं जपतात, परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा उघडतात आणि उतरवून काढतात.

प्रश्नही ठरलेला : भिक्खू गेन्तेत्सू यांचे कार्य लिहा. गावोगाव प्रवचनं गात हिंडणारा हा साधू माझ्या फार जिव्हाळ्याचा. आमच्या गावच्या देवळात त्याची कथा गाऊन सांगत. त्याच्या मरणाचं पद आलं की बायका रुमाल काढत. मीही काढत असे.

यंदा चौथ्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या तीनशे बारा उत्तरपत्रिका आल्या. तीनशे अकरांमध्ये गेन्तेत्सू बर्फात गारठून वारला आणि त्यानंतर तीन वर्षांनी त्यानं चार हजार शेतकऱ्यांना किल्ल्याच्या दरवाजावर नेलं. आदर्श उत्तर पुस्तकावरूनच काढलेलं असल्यामुळे सर्वांना पूर्ण गुण मिळाले. उरलेली एक पत्रिका कुझुमी चिनात्सूची. तिनं लिहिलं होतं, 'मेलेला माणूस मोर्चा नेऊ शकत नाही. पुस्तकातला क्रम उलटा झाला असावा.' आदर्श उत्तराशी जुळत नसल्यानं मी शून्य दिलं.

ती विभागातल्या माझ्या खोलीत आली. या विषयात पास झाली नाही तर पदवी नाही, आणि पदवी नाही तर एक एप्रिलपासून तोयामातल्या औषध कंपनीत ठरलेली नोकरी नाही, एवढंच तिनं शांतपणे सांगितलं. मी पुस्तक उघडलं. तिसऱ्या आवृत्तीत माझा फोटो जरा मोठा छापावा म्हणून मी दोन परिच्छेद इकडचे तिकडे केले होते, ते आठवलं.

"तुला हे कळलं कसं?"

"वाचलं, सर."

"पुस्तक?"

"फोन दुरुस्तीला टाकला होता," ती ओशाळून म्हणाली. "बसमध्ये दुसरं काही नव्हतं."

अकरा वर्षांत भेटलेली माझी ही पहिली वाचक. ऊर भरून आला, आणि तिला घेऊन मी तसाच विभागप्रमुख ओगिवाराबाईंकडे गेलो. बाईंनी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून पाहिली.

"मुरोता, हिचं बरोबर धरलंत तर तीनशे अकरा जणांचं चूक होतं," त्या म्हणाल्या. "ते चूक झालं तर मागच्या वर्षांतल्या पदव्याही तपासाव्या लागतील. त्यापेक्षा गेन्तेत्सूलाच मेल्यावर थोडं जगू द्या की."

परीक्षा समिती बसली. मी कुझुमीच्या बाजूनं ठामपणे खोकलो. तोडगा सन्मान्य निघाला : विद्यार्थिनीनं दिलगिरीपत्र द्यावं आणि संबंधित पान तीनदा उतरवून आणावं, म्हणजे उत्तीर्ण करता येईल. पत्रात कारण काय लिहू, असं तिनं मला विचारलं. मी मजकूर सांगितला : 'परवानगी नसताना पाठ्यपुस्तक परीक्षेपूर्वी वाचले. पुन्हा असे होणार नाही.' लिहिता लिहिता तिनं मान वर केली.

"सर, तुम्हाला तरी माहीत होतं ना, तो आधी किल्ल्यावर गेला आणि मग वारला?"

"देवळातल्या प्रत्येक म्हातारीला माहीत आहे," मी म्हणालो. "पण त्यांची परीक्षा नसते."

तिनं पत्रावर सहीच्या जागी आपल्या नावाचा शिक्का उमटवला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. मीही ते दोन्ही हातांनीच घेतलं. शिष्टाचारात आमच्याकडे चूक होत नाही. ती तोयामाला रुजू झाली. औषधांच्या बाटल्यांवरच्या सूचना ती वाचते, म्हणून वरिष्ठ जरा नाराज आहेत, असं कळतं.

बाकीचे तीनशे अकरा उत्तम श्रेणीत बाहेर पडले. पुष्कळ नगरपालिकेत आहेत, काही बँकांत, दोघे बातम्या लिहितात, आणि निदान वीस जण शाळांमधून इतिहास शिकवतात. त्यातला एखादा तुमच्याच मुलांना असेल. मुलांचे गुण चांगले येतात, म्हणून तुम्ही अजून चौकशी केली नसेल.