अकराव्या मिनिटाचा गुलाब

भाऊजींच्या नाकाबद्दल भाऊजींना कधीच शंका नव्हती. शेजारच्या घरात दूध करपलं की पहिली हाक यांची जायची. वाइन तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या मॅडमच्या मैत्रिणीचे ते नवरे, म्हणून तिथं सगळेच त्यांना भाऊजी म्हणत, आणि नेमकं तेच त्यांना सलायचं. ओळखीने चिकटलाय, असं लोकांना वाटणार! आज वास ओळखण्याच्या कायम जागेची परीक्षा होती. "नुसत्या नाकावर जागा मिळवतो," असं ते सकाळी बायकोला म्हणाले, पण आवाजही धड फुटेना. सर्दीने नाक गच्च झालं होतं.

सांगितलं असतं तर परीक्षा पुढे गेली असती. भाऊजींनी सांगितलं नाही.

यंत्र वाइनमधले वास एकेक करून सुटे करतं आणि अर्ध्या तासात काचेच्या नळीतून ओळीने सोडतं. नळीशी नाक लावून बसायचं, वास आला की बटण दाबून बोलायचं. त्याच क्षणी पडद्यावर रेघ उंच उठते, आणि दोन्ही जुळलं की पदार्थ ओळखता येतो. भाऊजींनी जुन्या चाचण्यांचे कागदच पाठ केले होते. चौथ्या मिनिटाला सफरचंद, सातव्याला केळं, अकराव्याला गुलाब. घड्याळ बघत म्हणत गेलं की झालं काम.

नाक कोरडं पडू नये म्हणून नळीतून कोमट, दमट हवा सोडतात. सर्दीच्या माणसाला तो वाफाराच. चेहऱ्यावर ऊब, कानाशी यंत्राची एकसुरी घरघर. सफरचंदापर्यंत भाऊजी जागे होते. केळ्यापाशी पापण्या मिटल्या. मग एक बाग आली. दोरीवर पांढऱ्या चादरी हलत होत्या आणि त्यांच्यामधून आत्या चालत येत होती, घाई नसल्यासारखी.

"गुलाब," भाऊजी पुटपुटले आणि बोट बटणावर पडलं. "आत्याच्या ओंजळीतला. पहाटेचा, ओला. नुकती पुसलेली पाटी. उन्हात वाळलेली चादर..."

"छान बोललात हो," मॅडमनी त्यांना हलवलं. "मी चहा घेऊन येते, मग दुसरा नमुना." त्या गेल्या आणि भाऊजींची नजर पडद्याकडे गेली. स्पिरिटचा सुरुवातीचा उंचवटा सोडला तर रेघ इस्त्री केल्यासारखी सपाट. नमुना कोरा होता, नुसतं स्पिरिट मिसळलेलं पाणी.

दुसऱ्यांदाही कोराच येणार, हे त्यांनी पक्कं धरलं. आता फसायचं नाही. प्रामाणिकपणा दिसावा म्हणून त्यांनी पडद्याकडे पाठसुद्धा केली. एव्हाना वाफेने नाक मोकळं झालं होतं. चौथ्या मिनिटाला सफरचंद आलं, चावा घेतल्यासारखं ताजं. मनाचे खेळ, भाऊजी म्हणाले. अकराव्याला गुलाब आला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आत्याची त्यांना फार आठवण आली. बटणाकडे निघालेला हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला.

"काही नाही," ते अर्धा तास सांगत राहिले.

मॅडमनी भाऊजींचं बोलणं उतरवलेले दोन कागद टेबलावर ठेवले. ज्यांची वाइन होती ते मळ्याचे मालकही येऊन बसले होते.

"पहिलं पाणी होतं, भाऊजी. त्यात तुम्हाला अठरा वास आले. दुसरी यांची दोन वर्षं जपलेली वाइन. तिच्यात काही नाही म्हणालात."

भाऊजींनी सर्दीपासून सगळं सांगून टाकलं.

"जागा देता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "आता मैत्रिणीला काय सांगू, ते तुम्हीच सुचवा."

मालक मात्र पहिल्या कागदातून डोकं काढेनात. "पहाटेचा, ओला... नुकती पुसलेली पाटी... मॅडम, मला हेच हवंय."

"अहो, ते पाणी आहे."

"असू दे. माझ्या बाटलीवर हेच छापणार. आणि हा माणूस मला द्या."

भाऊजी आता मळ्यावर लेबलांचा मजकूर लिहितात. जागा कायम आहे आणि ओळखीची मुळीच नाही. मालकांची अट एकच, लिहून होईपर्यंत बाटली हुंगायची नाही.