आजोबा ठणठणीत असल्यामुळे आलेली अडचण

एखाद्याला डॉक्टर का व्हावंसं वाटतं, हे कळल्याशिवाय त्याच्या हाती दुसऱ्याचं शरीर देणं कोणत्याही समाजाला परवडत नाही. म्हणून आमच्याकडे मेडिकलच्या अर्जासोबत आत्मनिवेदन जोडावं लागतं. मर्यादा पाच हजार तीनशे अक्षरं. (मोकळ्या जागाही अक्षरांत धरतात; त्यामुळे दुःखाने गप्प राहायचीही सोय नाही.)

अमेरिकेत मिनेसोटातल्या एका कॉलेजात मी एकोणीस वर्षं ही निवेदनं तपासून देतो. माझ्या दप्तरी चारशे बारा निवेदनं आहेत. त्यांत तीनशे छप्पन्न आजी-आजोबा वारले, बहुतेक पहिल्याच परिच्छेदात, आणि झाडून सगळे नातवंडाचा हात हातात घेऊन. एकतीस जणांनी कुत्र्यावर भागवलं. उरलेल्यांना प्रवेश मिळाला नाही.

कर्स्टन लिंडक्विस्ट या उरलेल्यांत जाणार अशी लक्षणं होती. मार्क उत्तम, दोन उन्हाळे हॉस्पिटलात पेशंटच्या चाकाच्या खुर्च्या ढकललेल्या, पण निवेदनात लिहिलं होतं, "शरीर कसं चालतं हे शिकायला मला आवडतं, आणि ते मला जमतं." इतका उथळ हेतू मी क्वचितच पाहिला आहे. याच वाक्यावर गेल्या वर्षी तिला सोळा ठिकाणांहून नकार आला होता. ही दुसरी खेप. तिसरीची तिच्यात हिंमत नव्हती.

"घरात कोणी गेलं का गं?" मी आस्थेने विचारलं.

"नाही हो सर, सगळे ठणठणीत आहेत," ती खाली मान घालून म्हणाली.

पुढच्या आठवड्यात ती आजोबांनाच घेऊन आली. ऑर्विल लिंडक्विस्ट, वय चौऱ्याऐंशी. दारातलं बर्फ स्वतः उपसून आले होते.

"साहेब, पोरीचं घोडं अडलंय कुठे, ते सरळ सांगा."

"तुमच्यापाशी," मी म्हणालो.

त्यांना मुद्दा चटकन कळला. "म्हणजे मी मरायचं? कधीपर्यंत?"

"आजोबा, काहीतरीच काय बोलता!" कर्स्टनला रडू फुटलं.

"अगं, कागदावरच ना? मार की! फक्त हॉस्पिटलात नको. तळ्यावर, मासे धरताना मार."

मासे धरताना हात मोकळे नसतात, हे मी निदर्शनास आणलं. शेवटी तडजोड झाली: हॉस्पिटलच, पण खिडकीतून तळं दिसेल.

आजोबा तिसऱ्या ओळीत वारले. लिहिताना कर्स्टन खरोखर रडली, आणि पुढे महिनाभर रोज फोन करून ते आहेत ना, याची खात्री करत होती. मलाही क्षणभर वाईट वाटलं. मग मी अक्षरं मोजली.

प्रवेश मिळाला. नव्या मुलांच्या अंगावर पांढरा कोट चढवण्याचा समारंभ झाला, तेव्हा आजोबा पहिल्या रांगेत होते. "हे कोण?" डीनबाईंनी विचारलं.

"शेजारी," कर्स्टन म्हणाली.

डीनबाईंनी समजून मान डोलावली. त्या रांगेत असे अठ्ठावीस शेजारी बसले होते. सगळे ऐंशीच्या पुढचे, सगळे डोळे पुसत.

तुम्ही हसताय. हसा. पण स्पेशालिस्ट व्हायला या डॉक्टरांना पुन्हा एक आत्मनिवेदन लिहावं लागतं, आणि तोवर आजोबा वापरून झालेले असतात. तेव्हा उद्या एखादी तरुण डॉक्टर तुमच्या खाटेशी येऊन बसली, तुमचा हात हातात घेऊन "घरी कोण कोण असतं?" असं मायेने विचारू लागली, तर हुरळून जाऊ नका. खिडकीतून तळं दिसतंय का, तेवढं बघून घ्या.