सासूबाई पडद्यावर विझल्या त्याची गोष्ट

सुवॉन शहरातल्या टीव्ही कंपनीत काम करणाऱ्या नामगुंग टे-ऊनं शनिवारी सकाळी एक अगदी छोटा निर्णय घेतला. ऑफिसात आपण तयार केलेली सुधारणा घरच्या टीव्हीत घालून बघायची. (बायको आंघोळीला गेली होती. तिला विचारलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती.)

टीव्हीच्या पडद्यामागे शेकडो बारीक दिवे असतात. चित्रात काळोख असेल तिथले मंद करायचे, उजेड असेल तिथले वाढवायचे. पण काळ्या आभाळात चंद्र दाखवला, की त्याच्याभोवती धुरकट पांढरी प्रभावळ उमटते. दिवे भराभर कमीजास्त केले, तर चित्र लुकलुकतं ते वेगळंच. ही प्रभावळ आणि ही लुकलुक घालवण्यात टे-ऊची चार वर्षं गेली होती, आणि पुढचे केस. शेवटी त्याला उपाय सापडला होता: अंधारात एकटाच उजळ ठिपका दिसला की त्याच्यामागचा दिवा मंद करायचा, आणि परत वाढवायचा तो सावकाश, अगदी सावकाश.

सकाळी त्यानं चंद्र लावून पाहिला. प्रभावळ गायब! त्यानं एकट्यानंच टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी सासूबाई आल्या. मा मल-सुन त्यांचं नाव. बाजारात किमची, म्हणजे आंबवलेल्या कोबीचं तिखट लोणचं, विकायच्या. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी त्या पहिल्यांदा एका गाण्याच्या स्पर्धेत गायल्या होत्या, आणि ते चित्रण आज सात वाजता दाखवणार होते. "आमचे जावई टीव्ही बनवतात," असं त्यांनी बाजारभर सांगून ठेवल्यामुळे बाजारही बरोबर आला होता. अकरा बायका, दोन डबे किमबापच्या भाताच्या गुंडाळ्या आणि एक टोपली उकडलेली रताळी.

"जावईबापू, आवाज मोठा करा," सासूबाई सगळ्यांत पुढे बसून म्हणाल्या. "आणि चित्रही चांगलं दिसू द्या हं."

"आई, आज असं दिसेल, की तुम्ही कधी पाहिलं नसेल," टे-ऊ म्हणाला. (हे मात्र खरं ठरलं.)

पडद्यावर रंगमंच काळाकुट्ट झाला. मधोमध प्रकाशाचा एक झोत पडला आणि त्यात हानबोकच्या पांढऱ्या रेशमी पारंपरिक पोशाखात सासूबाई अवतरल्या. बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सासूबाईंनी गायला तोंड उघडलं, आणि त्या विझायला लागल्या.

आधी बाह्या गेल्या. मग खांदे. मग चेहरा. आवाज खणखणीत, पण गाणारी बाई कोळशाच्या पोत्यासारखी.

"तिकडे वीज गेली का गं?"

"मल-सुन, तू आहेस कुठं?"

"ही काय मधोमध!" सासूबाईंनी उठून पडद्यावर बोट टेकवलं. "हे माझं नाक!"

"तो माइक आहे गं."

टे-ऊच्या हातातलं रताळं हातातच राहिलं. अंधारात एकटाच उजळ ठिपका! त्याच्या यंत्राला चंद्र आणि सासू यांतला फरक कुणी शिकवलाच नव्हता.

"काय केलंस तू?" बायको, ओक-जिन, कानाशी फिसकारली.

"प्रभावळ काढली."

"आईची?"

"एकूणच."

दुसऱ्या कडव्याला सगळा रंगमंच उजळला. पण दिवे अगदी सावकाश वाढायचे होते. "येतोय, येतोय उजेड," टे-ऊ सगळ्यांना धीर देत राहिला. गाणं संपत आलं तरी सासूबाई पहाटेच्याच होत्या. मग त्याचा धीर सुटला. त्यानं लॅपटॉप जोडला, सुधारणा काढून टाकली आणि टीव्ही बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागला. सासूबाईंची सगळ्यांत उंच तान यायची वेळ झाली, तेव्हा पडद्यावर फक्त 'कृपया थांबा' असं लिहिलेलं होतं.

चित्र परतलं ते लख्ख. सोनेरी टिकल्यांच्या झग्यात मासेवाली ग्वाकबाई गात होती. समोरच्याच गाळ्यातली, सासूबाईंची जन्माची वैरीण. तिच्या हनुवटीवरचा तीळसुद्धा मोजून घ्यावा इतका स्पष्ट.

सासूबाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "गाताना मी कशी दिसते, तेवढंच बघायचं होतं हो."

टे-ऊला बाल्कनीतल्या किमचीच्या बरणीत जाऊन बसावंसं वाटलं.

इतक्यात फोन वाजला. इमारतीच्या तळमजल्यावर ज्येष्ठांची बैठकीची खोली होती, तिथून टाक आजोबा ओरडत होते, "मल-सुनबाई, काय दिसलात! खाली या, निकाल लागतोय!"

अकरा बायका आणि सासूबाई मिळतील त्या चपला घालून धावल्या. मागून टे-ऊ.

खालचा टीव्ही दहा वर्षांपूर्वीचा, टे-ऊच्याच कंपनीचा. टे-ऊनं तो ताबडतोब ओळखला. त्याच मॉडेलच्या तक्रारींवरून त्याचं काम सुरू झालं होतं. पडद्यावर काळोखात सासूबाई उभ्या होत्या, आणि डोक्याभोवती ही एवढी मोठी पांढरी प्रभावळ.

"अगं बाई!" एक जण हात जोडून म्हणाली. "देवीच की गं!"

"केवढं ते तेज," टाक आजोबांनी डोळे पुसले.

टे-ऊनं तोंड उघडलं. ओक-जिननं त्याच्या पायावर पाय दिला. त्यानं तोंड मिटलं.

आणि निवेदकानं जाहीर केलं: लोकप्रिय गायिकेचं बक्षीस, मा मल-सुन! निकाल फोडायचा नाही अशी तंबी असल्यामुळे सासूबाईंनी चित्रणानंतरचे तीन आठवडे कुणाला काही कळू दिलं नव्हतं. बक्षीस होतं पंचाहत्तर इंची टीव्ही. टे-ऊच्या कंपनीशी हाडवैर असलेल्या कंपनीचा.

पुढच्या रविवारी सासूबाईंनी जावयाला बोलावून घेतलं. त्याच्या जिवात जीव आला. आपली गरज आहे म्हणजे माफी मिळाली, असं समजून टे-ऊ ड्रिल आणि हत्यारांची पेटी घेऊन हजर झाला. सासूबाईंनी दारातच पेटी काढून घेतली.

"टीव्ही लावायला त्या कंपनीचा माणूस आलाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही फक्त शिडी धरा. आणि वर टीव्हीकडे बघूही नका."