कपाटात मावणारी बोर्बन

भेट म्हणून द्यायची दारू पिण्यासाठी नसते, हे ज्याला वेळेवर कळलं त्याचं नोकरीत कुठेच अडत नाही. प्यायची दारू वेगळी. ती माणूस स्वतःच्या जबाबदारीवर आणि शक्यतो बायकोच्या नकळत आणतो, आणि दुसऱ्या दिवशी बाटली शेजाऱ्याच्या कचऱ्यात टाकतो. भेटीची दारू ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती काचेआड उभी राहते, तिच्यावर दिवा पडतो, आणि आलेला माणूस तिच्याकडे बघून घरमालकाशी जरा खालच्या आवाजात बोलू लागतो. आमच्या कार्यालयात केलेल्या पाहणीनुसार भेट दिलेल्या दर शंभर बाटल्यांपैकी नव्वद जन्मभर उभ्या राहतात, नऊ पुढे दुसऱ्या कुणाला भेट म्हणून जातात आणि एक मोलकरणीच्या हातून फुटते. (किती प्यायल्या गेल्या याची माहिती नाही. तसा रकानाच ठेवलेला नव्हता.)

आमचं कार्यालय जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढतं, जपतं आणि गरज पडली की हरवतं. आमचे साहेब दारूतले मोठे जाणकार आहेत. त्यांना पिताना कुणीही पाहिलेलं नाही, आणि खऱ्या जाणकाराची हीच खूण असते. पीत बसला तर त्याला जाणायला वेळ कधी मिळणार? रजेच्या अर्जावर सही करता करता ते सांगत, "बोर्बन म्हणजे काय, तर आधी व्हॅनिला, मग जळकं लाकूड, आणि जाताजाता मधाची एक रेघ." आम्ही मान डोलवायचो. मधाची रेघ नीट ऐकून घेतली की रजा मिळायची.

साहेबांच्या दिवाणखान्यात भिंतभर काचेचं कपाट आहे. वरच्या फळीवर स्कॉच, खालच्या फळीवर बाकीच्या, आणि मधली फळी रिकामी. पाइप फुटून अर्ध्या गावाचं पाणी बंद होतं त्या दिवशीच्या तातडीच्या बैठकीत साहेब म्हणाले, "आपल्याकडे एक बोर्बन तेवढी नाही." बैठकीच्या इतिवृत्तात हे वाक्य आलं नाही. महत्त्वाच्या गोष्टी इतिवृत्तात येत नसतात. पण ज्याला कळायचं त्याला कळलं.

ज्याला कळलं त्याला आम्ही 'पट्टी' म्हणतो. पट्टी हा आमचा हंगामी आरेखक. हंगामी म्हणजे फळासारखा नव्हे. फळाचा हंगाम संपतो. पट्टी कार्यालयात आला तेव्हा त्याचे केस काळे होते. आता ते पांढरे झालेत आणि कागदोपत्री तो अजून तात्पुरताच आहे. माणूस इतका मापाचा, की चहा पिताना कप टेबलाच्या कडेला समांतर ठेवायचा. कायम झाला असता तर त्याला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळणार होतं. आत्ता एक खोली आणि स्वयंपाकघर आहे, आणि स्वयंपाकघरात त्याचे वडील झोपतात. सकाळचा चहा करायचा तर सुनेला सासऱ्यांना ओलांडून गॅसपाशी जावं लागतं. दोघंही थोर माणसं. ते डोळे मिटून घेतात, ती दुसरीकडे बघते, आणि चहा होतो.

कायम करण्याच्या शिफारशीवर एकच सही बाकी होती. ती कुणाची, हे सांगायला नकोच.

पट्टीनं घरात विषय काढला तेव्हा त्याचा मेहुणा आलेला होता. मेहुणा जहाजावर स्वयंपाकी आहे, म्हणजे घराण्यातला एकमेव जग पाहिलेला माणूस.

"दाजी, बोर्बन म्हणजे अमेरिकेतली व्हिस्की, मक्याची करतात," तो म्हणाला.

"मक्याची?" बायको म्हणाली. "मग कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात बघा की."

"ताई, तू गप्प बस. दाजी, ऐका. नवंकोरं लाकडी पिंप आणतात, ते आतून जाळतात, आणि त्यात ती भरून वर्षानुवर्षं ठेवून देतात."

"जाळलेल्या भांड्यात ठेवलं की किंमत वाढते?" ती म्हणाली. "माझी दुधाची पातेली बघ. ती पण न्या म्हणावं साहेबांना."

"अगं, तुझ्या सासऱ्यांना झोपायला खोली मिळेल," पट्टी म्हणाला.

आत जाऊन तिनं डब्यामागून पैसे आणून दिले, आणि स्वयंपाकघरातून सासरे म्हणाले, "माझ्यासाठी नको हो काही. मला इथं ऊब लागते."

आता चांगली बोर्बन कशी निवडावी, याची शास्त्रशुद्ध पद्धत इथे नोंदवणं आवश्यक आहे. दुकानदारानं ती पट्टीला उभ्याउभ्या शिकवली. पहिली गोष्ट वजन. बाटलीचं बूड जितकं जाड, तितका देणारा सज्जन. मग बूच. फिरवून उघडणारं झाकण असेल तर ती औषधाची बाटली दिसते. लाकडी बूच हवं, त्यावर काहीतरी कोरलेलं असावं. लेबल जुनाट, कडा फाटल्यासारख्या आणि अक्षरं वाचता येणार नाहीत अशी असावीत (वाचता आलं तर घेणाऱ्याला वाचावं लागतं, त्यात त्याचा अपमान आहे). बाटलीवर दारूच्या वयाचा आकडा असलाच तर तो घेणाऱ्याच्या नोकरीच्या वर्षांपेक्षा कमी असावा. आत जे असतं त्याचा रंग मधासारखा असला की पुरे.

"आणि चवीचं काय?" पट्टीनं विचारलं.

दुकानदारानं त्याच्याकडे जरा काळजीनं पाहिलं. "भेट द्यायचीय म्हणालात ना?"

निवडता निवडता दोन उरल्या. एक बुटकी, खांद्यात रुंद, पोलीस निरीक्षकासारखी. दुसरी सडपातळ, उंच, मानेवर लाकडी घुमट. उंचच भारी होती हे आंधळ्यालाही दिसत होतं. दुसरा कुणी असता तर लगेच पिशवीत टाकून निघाला असता. पण पट्टी हा पट्टी होता. त्यानं खिशातून पट्टी काढली, घुमटासकट बाटली मोजली, आणि कार्यालयात परत येऊन साहेबांच्या कपाटाचा नकाशा उघडला.

हो, नकाशा होता. साहेबांचं सगळं फर्निचर आमच्याच कार्यालयात, आमच्याच कागदावर, नळांच्या कामातून वेळ काढून पट्टीनंच आखलेलं होतं. (त्या महिन्यात दोन वस्त्यांचे नळ एकमेकांत जोडले गेले. कपाट मात्र सुरेख झालं.) नकाशात मधली फळी ते वरची फळी यांतलं अंतर बाटलीपेक्षा दोन बोटं जास्त होतं. पट्टीनं तीनदा मोजलं, नकाशावर पेन्सिलीनं बाटली काढूनसुद्धा पाहिली. ती मधोमध उभी होती. दुकानात परत जाऊन त्यानं उंच बाटली घेतली.

साहेबांनी नवा सोफा घेतला होता, आणि तो पाहण्यासाठी आम्हाला सगळ्यांना संध्याकाळी चहाला बोलावलं होतं. आम्ही सोफा पाहिला. मग त्यावर न बसता त्याचं कौतुक केलं. मग पट्टीनं बाटली पुढे केली, आणि साहेबांच्या तोंडावर जे आलं ते रजेच्या अर्जावर कधी आलं नव्हतं. "अरे वा," ते म्हणाले. "व्हॅनिला. जळकं लाकूड." त्यांनी काच सरकवली, बाटली मधल्या फळीवर ठेवायला गेले, आणि घुमट वर अडला.

झालं असं होतं, की कपाट बनून आल्यावर साहेबांनी प्रत्येक फळीच्या खाली दिव्यांची पट्टी लावून घेतली होती. लेबलं उजळावीत म्हणून. दिव्यांनी तीन बोटं खाल्ली होती.

"नकाशाप्रमाणे बसते, साहेब," पट्टी म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. नकाशाप्रमाणे ती आजही बसते.

साहेबांनी बाटली तिरकी करून पाहिली. बाईसाहेब म्हणाल्या, "आडवी ठेवा." आडवी ठेवली तर लेबल छताला दिसणार. वरच्या फळीवर उंची होती, पण तिथं स्कॉच. स्कॉच हलवणं म्हणजे देवघरातले देव हलवण्यासारखं. "फ्रिजवर?" बाईसाहेब म्हणाल्या. फ्रिजवरची बाटली लोकांना तेलाची वाटते. बाटली साहेबांच्या हातात राहिली, आणि भेटीची बाटली हातात राहणं यासारखी दुसरी आपत्ती नाही. अशा वेळी आमच्या हेडक्लार्कनं, ज्याची स्वतःची बाटली खालच्या फळीवर गेली कित्येक वर्षं मान वर करून उभी आहे, अत्यंत नम्रपणे सूचना मांडली.

"मग उघडाच, साहेब. जाणकार कशी घेतो ते आम्हालाही बघायला मिळेल."

बाईसाहेबांनी पेला आणला. बूच निघालं. आम्ही तेरा माणसं श्वास रोखून उभी होतो. साहेबांनी पेला नाकाशी धरला, डोळे मिटले, "मध," असं म्हणाले, आणि सरबत पितात तसा एका दमात घशाखाली रिता केला.

त्यानंतर जे झालं त्याचं वर्णन मी सेवाशर्तींमुळे करू शकत नाही. डोळ्यांतून पाणी आलं, एवढं सांगता येईल. ओठांचा जो आकार झाला, तो कोणत्याही नकाशात नाही. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवरून साहेबांच्या आई म्हणाल्या, "लहानपणी खोकल्याचं औषध पाजलं की अस्संच तोंड करायचा. याला कुठलं झेपतंय."

तरीही सगळं निभावलं असतं. आम्ही बाकीचे अनुभवी माणसं. सगळ्यांनी एकदम सोफ्याकडे पाहायला सुरुवात केली होती. (सोफा चांगला आहे. शिवण मजबूत आहे.) पण पट्टीचा जीव कळवळला. तो धावत जाऊन पाण्याचा ग्लास घेऊन आला, साहेबांच्या पाठीवर हात ठेवला आणि प्रेमानं म्हणाला, "होतं, साहेब. पहिल्यांदा घेतली की सगळ्यांचंच होतं."

पाणी पिऊन साहेबांनी ग्लास खाली ठेवला. मग त्यांनी पट्टीकडे पाहिलं. तेव्हा मला वाटतं, सून सासऱ्यांना आणखी बरीच वर्षं ओलांडणार हे आम्हाला सगळ्यांना एकाच वेळी कळलं.

शिफारस आठवड्याभरात परत आली. वर शेरा होता: 'सध्या आवश्यकता दिसत नाही.' सोबत शिपायानं खोक्यातून बाटलीही आणून दिली, कारण उघडलेली बाटली ही भेट राहत नाही, ती नुसती दारू होते. पट्टीच्या वडिलांना कुणीतरी खोकल्याचं म्हणून त्यातलं झोपताना चमचाभर दिलं. त्यांनी ते महिनाभर नियमानं घेतलं. "बरं आहे," ते म्हणाले. "गोडसर लागतं. झोपही लागते." (उपलब्ध माहितीनुसार आमच्या कार्यालयाच्या इतिहासात बोर्बनविषयी पिऊन दिलेला हा एकमेव अभिप्राय.) आता त्या बाटलीत पाणी भरून ठेवतात. ती स्वयंपाकघरात त्यांच्या उशाशी उभी असते. जमिनीवर उंचीची अडचण नाही.

आमच्या कार्यालयानं यातून धडा घेतला. आता नव्या हंगामी माणसाला रुजू होतानाच तोंडी समज दिली जाते: नकाशावर विसंबू नये, दिवे धरून माप घ्यावं, आणि शंका आली तर बुटकी घ्यावी. मधल्या फळीवर सध्या पोलीस निरीक्षकासारखी ती बुटकी उभी आहे. हेडक्लार्कनं दिली. साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला तिच्यातल्या मधाच्या रेघेबद्दल सांगतात. ती कधीच उघडणार नाही, त्यामुळे रेघ सुरक्षित आहे.

तुम्ही हे वाचून हसला असाल, तर हरकत नाही. पण हे पुस्तकही बहुधा तुम्हाला कुणीतरी भेट म्हणूनच दिलं असणार, आणि भेटीच्या पुस्तकांचा नियम बाटल्यांपेक्षा निराळा नाही: जाड पुठ्ठा, कण्यावर सोनेरी अक्षरं, काचेआड जन्मभर. छापणाऱ्याला मी उंची मुद्दाम अर्धा इंच वाढवायला सांगितली होती. ज्या अर्थी तुम्ही या ओळीपर्यंत आलात, त्या अर्थी ते तुमच्या कपाटात मावलेलं नाही.