दारामागचे परबकाका

आमच्या शेजारच्या परबकाकांकडे गेलात, तर आत शिरल्यावर दार लावू नका. दार लावलं की त्यामागे आणखी एक परबकाका उभे असतात. पूर्ण उंचीचे, खाकी कागदावरचे, नाक-डोळे नसलेले आणि डोक्यापासून पायापर्यंत लाल, निळ्या, हिरव्या ठिपक्यांनी भरलेले. पाणी प्यायला आत आलेला कुरियरवाला एकदा दचकून सही न घेताच खाली उतरला होता.

हा काकांच्या दुखण्याचा नकाशा. लाल म्हणजे कळ, निळा म्हणजे मुंग्या, हिरवा म्हणजे जळजळ. प्रत्येक ठिपक्याशेजारी तारीख आणि वेळ. तीन वर्षांपूर्वी त्यांचा डावा खांदा धरला आणि तिथून दुखणं जे फिरायला निघालं, ते अजून एका जागी टिकलेलं नाही. आज मान, उद्या तळपाय, परवा बरगडी.

काका टेलिफोन खात्यातून रिटायर झाले. सगळी नोकरी जमिनीखालच्या केबलमधला बिघाड शोधण्यात गेली. बोरीवलीत चालता चालता मध्येच थांबतात, फुटपाथकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "बाई, इथे खाली जॉइंट आहे." मी शाळेत चित्रकला शिकवते, म्हणून अख्ख्या मजल्याची 'बाई'. त्याच नात्याने मला नकाशाच्या कामाला बोलावलं होतं.

मी गेले तेव्हा काका हॉलमध्ये कागदावर उताणे पडले होते आणि काकी गुडघ्यांवर रांगत त्यांच्याभोवती स्केचपेन फिरवत होत्या. "हलू नका हो, कान वाकडो येता," असं चाललं होतं. एक फेरी पूर्ण झाली, पण काकींना उठता येईना. टेबलाचा पाय धरून "आई गं" म्हणाल्या. काका जमिनीवरूनच ओरडले, "अगो, पेशंट मी आसय!" आम्ही खूप हसलो. मी तर सगळ्यांत जास्त. मग काकांचं भोपळ्यासारखं आलेलं डोकं मी नीट करून दिलं आणि चहा पिऊन घरी आले.

डॉक्टर किती झाले, ते काकाच जाणोत. हाडांचे झाले, नसांचे झाले, पोटाचे झाले. एकाने वय झालं म्हणून सांगितलं, दुसऱ्याने टेन्शन घेऊ नका म्हटलं आणि काकांना त्याचंच टेन्शन आलं. सगळ्यांचं शेवटचं वाक्य मात्र एकच. रिपोर्ट नॉर्मल आहेत.

'नॉर्मल' म्हटलं की काका भडकायचे. त्यांच्या खात्यात तक्रार मिटली की रजिस्टरमध्ये 'टेस्ट ओके' लिहायचे. काही बहाद्दर जागेवर न जाताच लिहून मोकळे व्हायचे. काकांचा नियम वेगळा होता. ज्याचा फोन बंद आहे, तो स्वतः "आता नीट ऐकू येतंय" म्हणत नाही, तोवर तक्रार बंद करायची नाही. "समोरचा माणूस सांगतोय खरखर येते, आणि तू केबिनमध्ये बसून टेस्ट ओके लिहितोस? फॉल्ट आहे! सापडत नाही, एवढंच!" हे ते डॉक्टरांना तोंडावर ऐकवायचे, म्हणून काही ठिकाणी दुसऱ्यांदा जायची सोय उरली नव्हती.

एकदा जिन्यात भेटले. कठडा धरून उभे होते. नेहमीचा आवाज नव्हता. म्हणाले, "बाई, आजाराला मी भीत नाही. पण सगळ्यांना वाटतं, म्हातारा नाटक करतोय. हल्ली पहाटे मलाच वाटतं, खरंच नाटक करतोय की काय." त्यांच्या हातातली भाजीची पिशवी तेवढी मी घेतली.

शेवटी मुलुंडच्या एका डॉक्टरबाईंचं नाव कळलं. काका, काकी आणि नकाशाची गुंडाळी सांभाळायला मी, अशी वरात गेली. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी नकाशा टेबलावर पसरवला आणि चक्क वाचला. तारखांसकट. मग काकांना जागोजागी दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, खूप दुखतं ना? हे खरं आहे." काकांनी मान खाली घातली आणि बराच वेळ वर केली नाही.

डॉक्टरबाईंनी आजाराचं एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. पूर्ण बरं होईलच असं नाही, पण आटोक्यात ठेवता येतं. हाडं ठीक, सांधे ठीक. मेंदूच दुखण्याचा आवाज मोठा करून ऐकतो. काका उजळले. "म्हणजे लाइन ठीक, फोनचा डबा ठीक, लोचा एक्स्चेंजमध्ये! मी म्हणत नव्हतो?"

निघताना काकी खुर्चीवरून उठल्या. आधी टेबल धरलं, मग गुडघा दाबला, मग क्षणभर डोळे मिटले. डॉक्टरबाईंनी ते पाहिलं. "काकी, तुमचं कधीपासून दुखतंय?"

"तिचं काही नाही," काका घाईने म्हणाले, "तिचे रिपोर्ट नॉर्मल आहेत."

काकींनी नकाशाची शांतपणे गुंडाळी केली, रबर लावलं आणि माझ्या हातात दिली. "होय, नॉर्मलच आसत," त्या म्हणाल्या. रिक्षात काका पूर्ण वेळ बाहेर बघत होते. एकही जॉइंट दाखवला नाही.

रविवारी सकाळी माझी बेल वाजली. दारात काका, हातात नवाकोरा खाकी कागद. "बाई, जरा येता? तिला जमिनीवर झोपवणार नाही. कागद दारालाच लावू." मग जरा थांबून म्हणाले, "त्याला बारा वर्षं झाली असतील. ती सांगत होती, मी रिपोर्ट बघितले आणि तक्रार बंद केली. तिला विचारलंच नाही." त्यांचे डोळे भरून आले होते. मलाही तो टेबलाचा पाय आठवला, आणि माझं हसणं.

आम्ही कागद आतल्या खोलीच्या दाराला चिकटवला. काकी "कायतरीच काय" म्हणत पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. या वेळी पेन काकांनी फिरवलं. खाली पावलांपाशी पोचताना त्यांचीच कंबर धरली, पण ते 'आई गं' म्हणाले नाहीत. रेघ पूर्ण झाल्यावर त्यांनी लाल पेन्सिलीला टोक केलं.

"खंय दुखता गो?" त्यांनी विचारलं.

काकींनी आधी कागदावरच्या रिकाम्या काकींकडे पाहिलं, मग काकांकडे. आत जाऊन गॅस बंद करून आल्या. खुर्ची ओढली आणि काकांच्या पुढ्यात ठेवली.

"बसा," त्या म्हणाल्या, "येळ लागतलो."