फिटरला फिट

कारखान्यात सहा वर्षं नळ्या जोडणारा आमचा फिटर इतका बुजरा, की बोटावर हातोडा बसला तरी आधी इकडेतिकडे बघायचा आणि मगच ओरडायचा. आता त्याला कायम करायचं ठरलं होतं. अट एकच, कंपनीच्या डॉक्टरांनी पास केलं पाहिजे.

डॉक्टरांनी छाती ठोकून पाहिली आणि कागदावर एकच शब्द लिहिला : फिट.

ही बातमी घरी कळवावी असं फिटरला वाटलं. (गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही!) बायकोचा फोन लागेना, म्हणून शेजारच्या काकूंना लावला. मागे यंत्रांचा खडखडाट.

"काकू, हिला सांगा, डॉक्टर म्हणाले, फिट!"

"अगं बाई! कुणाला?"

"मला, मला!"

अर्ध्या तासात बायको, आई आणि काकू थेट साहेबांच्या केबिनमध्ये. "लहानपणी कधी आली नव्हती हो!" आईने डोळ्यांना पदर लावला.

साहेबांनी फिटरला बोलावलं. "काय रे, तुला फिट येते?"

"येत नाही साहेब, मी फिट आहे."

"मग घरचे काय खोटं बोलतात?"

"साहेब, कागद बघा ना..."

हेडक्लार्कने चष्मा पुसून कागद वाचला. "साहेब, इथेही फिटच लिहिलंय."

"अरेरे! मग याला यंत्राजवळ कसं ठेवणार?"

सहा वर्षांची नोकरी डोळ्यांदेखत बुडत होती. फिटरचे ओठ नुसतेच थरथरले.

"धरा, धरा! पुन्हा येतेय!" काकू किंचाळल्या.

बायको मात्र खमकी. ती डॉक्टरांनाच हाताला धरून घेऊन आली. "अहो, फिट म्हणजे ठणठणीत!" डॉक्टर ओरडले. हेडक्लार्कने तेवढं लेखी मागून घेतलं, आणि मगच साहेबांनी सही केली.

घरी बायकोने दम भरला, "पुन्हा तो शब्द तोंडातून काढाल तर याद राखा!"

दुसऱ्या दिवशी नवा गणवेश मिळाला. अगदी अंगाबेताचा. तेवढ्यात साहेब आले. "काय रे, फिट बसला ना?"

फिटरला बायकोचा दम आठवला. "नाही साहेब! शप्पथ नाही! आमच्या घराण्यात कुणालाच नाही!"

"घराण्याचीच मापं मोठी दिसतात," साहेब भांडारवाल्याला म्हणाले. "याला सगळ्यात मोठा दे."

फिटर आता कायम आहे. फाटकावरचा रखवालदार रोज आधी गणवेश आत सोडतो आणि मग त्यात कुणी आहे का, ते बघतो.