सावरीच्या दहा उशा

यंदा, एक्क्याण्णव साली, मी जेसल पार्कमधल्या आमच्या बिल्डिंगच्या गेटजवळचं झाड वाचवायचं ठरवलं, एवढंच माझं चुकलं. (उर्मिलाकडे माझ्या चुकांची याहून लांब यादी आहे. बायकोच ती.)

सेक्रेटरी जितेंद्रभाई मीटिंगमध्ये म्हणाले, "झाड मरेला हाय. एक पान नाय. कापून स्कूटर पार्किंग करू या."

माझं डोकंच फिरलं. "मेलेलं? अहो, ही काटेसावर आहे! थंडीत पानं झडतात तिची. फांद्यांवरचे काटे बघा! फाल्गुनात लालभडक फुलं येतील!"

ऑफिसच्या लायब्ररीतलं झाडांचं जाडजूड पुस्तक मी टेबलावर आपटलं. कोणी उघडलं नाही. (मीसुद्धा एकच पान वाचलं होतं.)

मतं काही मिळेनात. मग मी बायकांकडे वळलो. "वहिनी, सावरीला कापूस येतो. मऊ लुसलुशीत! घरटी एक उशी, माझा शब्द!"

दहा घरं, दहा हात वर. झाड वाचलं. मी पाटी रंगवून टांगली: 'काटेसावर. जिवंत आहे.'

आणि फाल्गुनात फुललं की हो! पान एक नाही, नुसती लाल फुलं. जितेंद्रभाईंना हाताला धरून झाडाखाली उभं केलं मी. काय आनंद झाला होता म्हणून सांगू!

चैत्रात पानं आली. तीन-तीनची. पुस्तकातल्या सावरीला पाच-सात, पंजासारखी. मी पुस्तक मिटलं. वैशाखात शेंगा लोंबायला लागल्या, तेव्हा पूर्वी ही जमीन कसणारे बाबाजी गेटशी थांबले.

"साहेब, पाटी कुनी लावली? ह्यो पांगारा हाय. आमच्या कुंपनाचा दांडा. मीच रोवलेला."

"काटे आहेत ना? लाल फुलं आली ना?"

"आली. पन कापूस न्हाय येत."

"येणार! का नाही येणार?" मी ओरडलो.

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून रसिकावहिनी म्हणाल्या, "भावजी, उशीचं काय झालं?"

तळमजल्यावरच्या आमच्या दारात उभी असलेली उर्मिला आत गेली, माझी उशी उचलली आणि वर नेऊन दिली. "ही पहिली. नऊ राहिल्या," खाली येऊन म्हणाली.

हल्ली मी ते पुस्तक डोक्याखाली घेऊन झोपतो. पाटी मात्र बदललेली नाही. बदलणारही नाही, काय करायचं ते करा!

(काल लायब्ररीची नोटीस आली. पुस्तक ताबडतोब परत मागितलंय.)